व्याह्यांची पावले

"आबा, तुम्ही परत हरलात," जुई म्हणाली आणि पुढचे दोन पडलेले दात दिसतील एवढी हसली.

रविवारची सकाळ होती. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि त्याच्या पडद्याचे तीन भाग झाले होते. वरच्या भागात बंगळुरूची माझी नात जुई, खाली एका बाजूला नगरचे आम्ही दोघे आणि दुसऱ्या बाजूला वाईचे उदावंत गुरुजी, म्हणजे माझे व्याही.

"किती पावलांनी?" मी विचारले.

"थोड्याच. पण हरलात म्हणजे हरलात."

"अहो, थोड्याने हरणं हे काही हरणं नव्हे," उदावंत म्हणाले. त्यांचा स्वर इतका समजूतदार होता की माझ्या हातातील चहाला चव राहिली नाही. "कुलथेसाहेब फार जोरात आहेत यंदा. मला धाप लागते त्यांना गाठताना."

"नाना, तुमच्या गुडघ्याचं काय?" जुईने विचारले.

"एक तेल मिळालंय बघ. एकदम मोकळा झाला."

माझी पत्नी शैलजा तेवढ्यात दूध पाहण्याच्या निमित्ताने उठून गेली. दूध वर आले नव्हते. ही गोष्ट मी पाहिली होती, परंतु तिची नोंद घेतली नव्हती.

या साऱ्याची सुरुवात जानेवारीत झाली. आमचा मुलगा हर्षद याने मला आणि त्याच्या सासऱ्यांना एकाच बनावटीची दोन मनगटी घड्याळे पाठवली. ती वेळ दाखवत आणि दिवसभरातील पावलेही मोजत. दोघांचे आकडे एकमेकांच्या आणि जुईच्या फोनवर सतत दिसत असत. आठ वर्षांच्या जुईने त्यातून लगेच स्पर्धा काढली आणि तिचे नियमही स्वतःच ठरवले. दर रविवारी निकाल लागणार होता. एप्रिलचा शेवटचा रविवार म्हणजे अंतिम सामना. त्या एका दिवशी ज्याची पावले जास्त, त्या आजोबांकडे ती उन्हाळ्याच्या सुट्टीत राहायला येणार. तिच्या आईवडिलांच्या रजेचे गणित असे होते की दोन्हीकडे राहणे तिला शक्य नव्हते.

त्याआधीच्या दोन्ही सुट्ट्या तिने वाईला काढल्या होत्या.

मी यंत्र अभियांत्रिकीचा पदविकाधारक. नगरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी सगळी नोकरी मापन विभागात केली. इतरांनी तयार केलेला भाग बरोबर आहे की नाही, हे सांगणे माझे काम होते. घरीही माझी हत्यारे आणि मोजमापाची साधने काचेच्या कपाटात आकारमानाप्रमाणे लावलेली असतात. जुई चार दिवसांसाठी आली असताना त्या कपाटापुढे हात पाठीमागे बांधून उभी राहिली होती. "आबा, तुमच्याकडे कशाला कशाला हात लावायचा नाही ते आधी सांगा," असे तिने विचारले होते. वाईला तिला असे काही विचारावे लागत नसे. वाईला घाट होता, नदी होती, आणि भूगोल शिकवून निवृत्त झालेला, पोरांना अंगाखांद्यावर खेळवणारा नाना होता.

यंदा मात्र मी तयारी केली होती. गच्चीवर आम्ही दोघांनी मिळून एक सूर्यघड्याळ उभारायचे, असे मी ठरवले होते. कपाटाचे कुलूप काढून ठेवले होते. तिच्या हाताला बसेल अशी छोटी कानस आणली होती. आता फक्त ती यायची होती, आणि तिच्या व माझ्यामध्ये उदावंतांची पावले उभी होती.

डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच मला रोज चालायला सांगितले होते. रक्तातील साखर वाढलेली होती आणि डाव्या पायाचा अंगठा अधूनमधून बधिर होत असे. मी त्यांना स्पष्ट सांगितले होते की ज्या हालचालीतून काही तयार होत नाही, ती वाया गेलेली हालचाल. कारखान्यात अशी हालचाल शोधून बंद करण्यासाठी आम्हाला पगार मिळत असे. शैलजाने समजावले, हर्षद रागावला, सुनेने फोनवर डोळ्यांत पाणी आणले. मी खुर्चीतून हललो नाही.

घड्याळ आल्यापासून मात्र मी बसेनासा झालो. सकाळी सावेडीच्या मैदानाला फेऱ्या झाल्यावरही मी दात घासताना अंगणात चालत असे. वर्तमानपत्र चालत वाचत असे. बँकेच्या रांगेत जागच्या जागी पाय उचलत असे, तेव्हा शिपायाने मला दोनदा स्वच्छतागृहाची वाट दाखवली. कारखान्यातील एका जुन्या सहकाऱ्याच्या तेराव्याला पंगतीची वाट पाहताना मी मांडवाच्या कडेने सारख्या येरझाऱ्या घातल्या. लोकांना वाटले, मला फारच धक्का बसला आहे. त्याच्या मुलाने मला जवळ घेऊन, "काका, सावरा," असे म्हटले. मी सावरलो, आणि आणखी दोन फेऱ्या मारल्या.

वाण्याकडून एकदा मीठ आणले आणि परत जाऊन काड्यापेटी आणली, तेव्हा शैलजा दारात उभी होती.

"अहो, मीठ आणि काड्यापेटी एकाच दुकानात मिळतं."

"ठाऊक आहे मला."

"आता जिरं आणायला जाल, की मोहरी आधी?"

"काय हवंय ते सांग. मी जाऊन येतो."

"काही नको. बसा क्षणभर, पायांना विचारा तरी, त्यांना काय हवंय."

मी बसलो नाही, कारण बसलो की उदावंत डोळ्यांसमोर येत. हे गृहस्थ हर्षदच्या लग्नात कार्यालयाचे तीन जिने चढू शकले नव्हते. जुईच्या बारशाला त्यांना खुर्चीसकट वर आणावे लागले होते. आणि तेच गृहस्थ आता रोज माझ्या पुढे होते. मी कितीही चाललो, तरी संध्याकाळी जेवायच्या वेळी त्यांचा आकडा माझ्यापेक्षा दोन-अडीचशे पावलांनी वर असे. मी जास्त चाललो तर तेही जास्त. मला सर्दी झाली आणि मी कमी चाललो, तर तेही कमी. एकदा पान वाढल्यावर मी हात न धुताच गच्चीवर जाऊन त्यांना मागे टाकून आलो. जेवण होऊन आचवेपर्यंत ते पुन्हा पुढे गेले होते.

"त्यांचं घड्याळ सदोष आहे," मी शैलजाला म्हणालो.

"आणि तुमचं?"

"माझं मी तपासलंय."

खरोखरच तपासले होते. गच्चीवर खडूने रेघा आखून, तोंडाने मोजत, हळू चालून, भरभर चालून, जिना चढून आणि उतरून मी त्या घड्याळाची परीक्षा घेतली होती. चूक नगण्य होती. मी हर्षदला फोन करून उदावंतांचे घड्याळ तपासणीसाठी मागवून घेण्याची सूचनाही केली.

"बाबा, ते तुमचे व्याही आहेत," तो म्हणाला. "पुरवठादार नाहीत."

त्यात आणखी एक गोष्ट घडत होती. मी संध्याकाळची शेवटची फेरी संपवून बूट काढले की शैलजा फोन घेऊन स्वयंपाकघरात जात असे. दार लोटून घेई. दोनतीन वाक्ये बोले आणि हसे. तिचे ते हसू मी बऱ्याच वर्षांत ऐकलेले नव्हते. माझ्या बोलण्यावर तर नव्हतेच. एकदा फोन ओट्यावर राहिला आणि वाजला. वर नाव होते, उदावंतदादा.

"काय म्हणत होते?" मी नंतर विचारले.

"काही नाही. लिंबाच्या लोणच्याचं प्रमाण हवं होतं त्यांना."

विहीणबाईंना जाऊन चार वर्षे झाली होती. गुरुजी स्वतःचे स्वतः करून खात. लोणच्याचे प्रमाण विचारणे यात वावगे काही नव्हते. परंतु लोणच्याचे प्रमाण माणूस रोज विचारत नाही, आणि त्यावर कुणी हसतही नाही. पासष्टी ओलांडलेल्या माणसाने असा विचार करू नये, हे मला कळत होते. कळूनही मी तो अंगणात फेऱ्या मारत मारत केला. रागात पावले बरी पडतात, असे त्या दिवशी आढळले. तरीही उदावंत पुढेच होते.

पुढच्या रविवारी जुईने निकाल सांगितला आणि मग म्हणाली, "आबा, एक गंमत. नानांच्या आळीत सगळ्यांच्या कपाळावर गंध असतं. दूधवाल्याच्यापण. मी फोनवर बघितलं. कुत्र्यालापण लावलं होतं."

"उन्हाळा आहे ना बाळा," उदावंत घाईने म्हणाले. "चंदन थंड असतं."

मला त्या कुत्र्यात रस नव्हता. मी पडद्यावर त्यांचा गुडघा दिसतो का, ते पाहत होतो.

अंतिम सामन्याला एक आठवडा उरला असताना आमच्या तुकडीचा स्नेहमेळावा कराडला, आमच्या जुन्या तंत्रनिकेतनाजवळच्या एका कार्यालयात होता. मी जाऊन मुक्काम करणार, दुसऱ्या दिवशी परतणार, असे शैलजाला सांगून निघालो. मेळाव्यात दुपारचे जेवण घेतले आणि कुणाचा निरोप न घेता पुण्याची गाडी पकडली. सुरूर फाट्याला उतरलो. तेथून वाई. मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. कारखान्यातही कागदावरील आकड्याचा संशय आला की आम्ही न कळवता यंत्रापाशी जाऊन उभे राहत असू.

उदावंतांचे घर घाटामागच्या आळीत, तळमजल्यावर. पुढे छोटा ओटा आणि ओट्यावर उघडणारी खिडकी. मी पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. आळीत वळताच चंदनाचा वास आला. एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यातून यावा तसा, परंतु देऊळ बरेच लांब होते. ओट्यावर एक कुत्रे झोपले होते. त्याच्या कपाळावर वाळलेले गंध होते.

मी खिडकीशी थांबलो.

उदावंत खुर्चीत बसले होते. एक पाय उशी घेऊन स्टुलावर लांब ठेवलेला. पुढ्यात तिपाईवर सहाण, आणि उजव्या हातात चंदनाचे खोड. ते उगाळत होते. पुढे, मागे, पुढे, मागे, संथ, एका लयीत, माणूस रस्त्याने चालावा तसा हात. उजव्या मनगटावर हर्षदने पाठवलेले घड्याळ होते. बाजूला भाताचे पातेले मावेल एवढा वाडगा होता आणि तो गंधाने निम्मा भरला होता.

मला समजायला वेळ लागला नाही. हाताची प्रत्येक ये-जा ते घड्याळ पाऊल म्हणून मोजत होते. मी स्वतःवरच चिडलो. कोणतेही मोजयंत्र हाती आले की प्रथम शून्य तपासायचे, हे आम्ही पहिल्या सत्रात शिकलो होतो. मोजायचे काही नसताना ते काय दाखवते, हे आधी पाहायचे. मी ते घड्याळ चालून तपासले होते, जिना चढून तपासले होते. न चालता ते काय दाखवते, हे माझ्या मनातही आले नव्हते. शिवाय रोज तेवढाच राहणारा फरक हा योगायोग नसतो, तो कुणीतरी बांधून दिलेला असतो, हेही मी नव्या मुलांना शिकवत असे.

मी दार ठोठावायला हात उचलला. आत काय बोलायचे, ती वाक्ये तयार होती. जुईला काय सांगायचे, तेही. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी करंगळीने तो सुरू केला.

"बोला विहीणबाई. हात ओले आहेत, आवाज मोठा केलाय."

"दादा, आज हे कराडला आहेत." शैलजाचा आवाज खोलीभर स्वच्छ ऐकू आला. "मेळावा आहे. खुर्चीतच बसून असतील. तुम्ही उगाच फार उगाळू नका."

"आकडा तर चढतोय हो त्यांचा. आत्ताच पाहिला. मेळाव्यात पळवतात की काय सगळ्यांना?"

"मांडवाभोवती फिरत असतील. काय भरवसा." ती तेच हसू हसली. "तुमचा हात दुखत असेल."

"हाताला काय होतंय. खोड मात्र तिसरं चाललंय. दुकानदार विचारत होता, घरी काही मोठं कार्य आहे का."

मी हात खाली घेतला.

"साखरेचं काय आलं परवा?" उदावंतांनी विचारले.

"उतरली. डॉक्टर म्हणाले, एक गोळी कमी करू. अंगठ्याचंही आता काही बोलत नाहीत."

"मग झालं तर."

"माझं ऐकलं नाही, मुलाचं नाही, डॉक्टरांचं नाही. पण कुणी पुढे गेलेलं यांना बघवत नाही, एवढं मला पक्कं ठाऊक होतं." ती थांबली. "दादा, पुढच्या रविवारचं मात्र मनाला लागतंय माझ्या. तुम्ही नका मागे राहू. जुई येऊ दे तुमच्याकडे."

उदावंतांनी खोड सहाणेवर ठेवले.

"ठरलंय ते ठरलंय," ते म्हणाले. "त्या दिवशी मी सहाण बाहेर काढणार नाही. त्यांनी जिंकायलाच हवं, नाहीतर सोमवारी बूट माळ्यावर टाकतील ते. आणि पोरीसाठी त्यांनी गच्चीवर काहीतरी आखून ठेवलंय म्हणता ना? मग. माझ्याकडे ती दोन वर्षं आलीच की."

मी ओट्यावरून हलकेच उतरलो आणि आळीच्या टोकाशी जाऊन उभा राहिलो. नगरपासून जो राग मी जपून आणला होता, तो तेथे होताच. फक्त त्याला ठेवायला जागा राहिली नव्हती. हा माणूस मला तीन महिने बसून हरवत आला होता. आता तो मला बसूनच जिंकवणार होता. आणि माझी बायको त्याच्याजवळ माझ्याविषयी जे बोलली, ते इतके बरोबर होते की त्यात कुठे दुरुस्ती सुचवता येत नव्हती.

थोड्या वेळाने मी परत गेलो आणि या वेळी दार वाजवले. आतून खुर्ची सरकल्याचा, भांडे झाकल्याचा आवाज आला. दार उघडायला त्यांना बराच वेळ लागला.

"कुलथेसाहेब? असे न कळवता?"

"कराडहून निघालो होतो. गाडी फाट्यावर बंद पडली. म्हटलं, वाई जवळ आहे."

"बरं केलंत. या, या." सहाणेवर पंचा टाकलेला होता. त्याखालून वाडगा दिसत होता. "आज जरा पूजेला उशीर झाला."

"असं होय."

ते चहा करायला उठले. तिपाईचा आधार, मग कपाटाचा, मग दाराच्या चौकटीचा. प्रत्येक पाऊल टाकण्यापूर्वी ते क्षणभर थांबत आणि ओठ मिटून घेत. मापन विभागात आयुष्य घालवलेल्या माणसाला ते पाहताना नजर वळवता आली नाही. गॅसपाशी जाणे आणि परत येणे, एवढ्यात त्यांचे जेवढे श्रम झाले, तेवढे माझे मैदानाच्या फेरीत होत नव्हते.

"तेल चांगलं लागू पडलंय," मी म्हणालो.

"हो, फारच." त्यांनी कप पुढे केला आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. मी चहाकडे पाहत राहिलो. मग त्यांनी पंचा थोडा बाजूला करून बोट वाडग्यात बुडवले. "उन्हातून आलात. थोडं गंध लावा. ताजं आहे."

त्यांनी माझ्या कपाळावर आडवे बोट ओढले. गार वाटले. मुक्कामाचा आग्रह त्यांनी केला, परंतु मी शेवटच्या गाडीचे कारण सांगून निघालो आणि पुण्याला एका नातेवाइकाकडे रात्र काढली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचलो तेव्हा शैलजाने मेळाव्याची चौकशी केली. मी मेळाव्याचे जेवण वर्णन करून सांगितले.

त्या आठवड्यात मी रोज चाललो. रोज उदावंत दोन-अडीचशे पावलांनी पुढे होते. रोज संध्याकाळी स्वयंपाकघराचे दार लोटले जात होते. मी बूट काढून खुर्चीत बसे आणि वाईच्या त्या तिपाईवर खोड पुढे-मागे होत असेल, असे डोळ्यांसमोर आणी. मला त्यांचा हेवा वाटणे थांबले नव्हते, उलट वाढले होते. पावलांच्या बाबतीत निदान मी प्रयत्न तरी करू शकत होतो. दुसऱ्याला जिंकू देण्यासाठी नातीला सोडणे, हे मला सुचलेही नसते. या माणसाने त्यातही मला मागे टाकावे आणि वर मला त्याचा पत्ताही लागू नये अशी व्यवस्था करावी, हे मला मान्य नव्हते. हरण्यात तरी ते माझ्या पुढे जाणार नाहीत, असे मी ठरवले.

अंतिम रविवारी उजाडताच मी घड्याळ काढले, काचेच्या कपाटात सूक्ष्ममापकाशेजारी ठेवले आणि बाहेर पडलो. मैदानावर गेलो नाही. भिंगारच्या रस्त्याने निघालो. मनगट उघडे असल्यामुळे पहिल्या फर्लांगात चालणे फुकट जाते आहे असे वाटत राहिले. पुढे ते वाटेनासे झाले. किती चाललो, ते मला आजही सांगता येणार नाही. परत आलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते, सदरा पाठीला चिकटला होता आणि बुटांवर धूळ होती.

शैलजाने दार उघडले. तिने बुटांकडे पाहिले, मग मनगटाकडे.

"घड्याळ विसरलात."

"हो."

"पाणी देते," ती म्हणाली, आणि खरोखरच पाणी आणायला गेली.

संध्याकाळी फोन साखरेच्या डब्याला टेकवला. जुईच्या मागे हर्षद आणि सूनही उभे होते. जुईच्या हातात रंगीत कागदाचा मुकुट होता. तिचा चेहरा मात्र पडला होता.

"आबा, तुमचं शून्य आलंय."

"घड्याळ चार्ज करायचं राहिलं बाळा," मी म्हणालो. "त्यामुळे नाना जिंकले. तू वाईला जा."

"नानांचंपण शून्य आलंय."

पडद्याच्या दुसऱ्या बाजूला उदावंत चष्मा पुसत होते. "माझंही चार्ज करायचं राहिलं," ते म्हणाले. "म्हणजे तसे कुलथेसाहेबच जिंकले. आधीच्या सगळ्या दिवसांचा विचार केला तर त्यांची मेहनत..."

"आधीचे सगळे रविवार तुम्हीच जिंकलाय नाना," जुई म्हणाली.

"ते सरावाचे होते."

"मग सरावात जो पुढे, त्यालाच द्यायला हवं," मी म्हणालो.

"अहो, पण नियम आहे ना शेवटच्या रविवारचा."

"शून्याने कुणी जिंकत नसतं, गुरुजी."

"तुमचंही शून्यच आहे, साहेब."

आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहत होतो, असे मी म्हणणार होतो. परंतु फोनवर ते नीटसे कळत नाही. एवढे खरे की दोघेही थांबलो. उदावंतांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मान किंचित हलवली. मी घड्याळ मुद्दाम काढून ठेवले, हे त्यांच्या लक्षात आले होते.

"भांडू नका," जुई म्हणाली. तिने मुकुट स्वतःच्याच डोक्यावर ठेवला. "दोघांचं शून्य म्हणजे बरोबरी. बरोबरी झाली की दोघांनी एकत्र राहायचं. नाना, तुम्ही आबांकडे यायचं. मी पण येणार. आई, तिकीट काढ."

फोन बंद झाल्यावर शैलजा भांडी आवरू लागली. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "वाईला गेला होतात ना."

"तुला गुरुजींनी सांगितलं?"

"ते कशाला सांगतील? कराडहून परत आलात ते कपाळावर गंधाची पुसट रेघ घेऊन. नीट पुसायचं तरी होतं."

"मग तेव्हाच का बोलली नाहीस?"

"तुम्ही दुसऱ्या दिवशी बूट घालता का, ते बघायचं होतं." तिने ओटा पुसला. "घातलेत."

उदावंत मे महिन्यात आले. पिशवीत कपडे, तेलाची बाटली आणि पंच्यात गुंडाळलेली सहाण होती. सूर्यघड्याळ उभे राहिले. त्याचा काटा जुईने कानशीने घासला आणि सावलीच्या रेघा मी आखल्या. सूर्य कोणत्या महिन्यात कसा सरकतो, हे मात्र तिला उदावंतांनी समजावले, आणि माझ्या रेघांपेक्षा तिला तेच जास्त आवडले. ते घड्याळ अजून गच्चीवर आहे. जुई आता महाविद्यालयात आहे, आणि उदावंत आज नाहीत.

त्या सुट्टीतील पहिल्याच सकाळी आम्ही तिघे फिरायला निघालो. गुरुजी काठी टेकत, थांबत थांबत येत होते. मी सवयीने पुढे जाई आणि परत मागे येई. मनगटावर घड्याळ नव्हते. जुईने उदावंतांचा हात धरला होता आणि त्यांच्या पावलाबरोबर पाऊल टाकत ती घाटावरच्या होड्यांविषयी काही सांगत होती. मी तिच्या दुसऱ्या बाजूला आलो आणि माझा हात तिच्यापुढे धरला.

तिने हाताकडे पाहिले. "तुमचा कशाला धरू आबा?" ती म्हणाली. "तुम्हाला तर चालता येतं."

मी हात मागे घेतला आणि पाठीमागे बांधून त्यांच्याबरोबर हळूहळू चालत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकातून बाहेर पडलो, तो डावा पाय किंचित ओढतच. जुईने लगेच पाहिले आणि माझा हात धरला. उदावंत दोन पावले मागे होते. त्यांनी काठी टेकली, माझ्या पायाकडे नीट निरखून पाहिले, आणि आम्ही वळणापर्यंत गेलो तेव्हा माझ्या कानाशी वाकून म्हणाले,

"साहेब, परत येताना हाच पाय ओढायचा, बरं का."